लाल डबे वाळत नाहीत

सोमवार, ३ नोव्हेंबर

सातवी ब चे शनिवारचे शेवटचे दोन तास मला विज्ञानाच्या प्रयोगांसाठी मिळाले. तिसऱ्या तासानंतर हेडसर स्वतः स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले आणि त्यांच्या हातात सही केलेला कागद होता, म्हणजे बातमी पक्की. १२ डिसेंबरला तपासणी अधिकारी येऊन वर्ग बघणार. हे तास पुढे चालू ठेवायचे की पूर्वीसारखे उजळणीला द्यायचे, ते त्यावर ठरणार.

"बाई, तुमच्या हट्टाखातर दिलेत," हेडसर म्हणाले. "पाहुण्यांपुढे फजिती तेवढी नको."

गणिताचे सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "चोवीस वर्षं बाईंनी पोरांना नोट्स दिल्या. आता पोरं बाईंना देणार."

सगळे हसले, मीही हसले. खोटं काय आहे त्यात? माझ्या नोट्स दुसऱ्या शाळांतसुद्धा झेरॉक्स होऊन फिरतात. मला त्याचा अभिमान होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी घरी आली होती. दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. जेवताना म्हणाली, "आई, तुझी 'वनस्पतींना पाण्याची आवश्यकता' ही नोट मला अजून तोंडपाठ आहे. सात मुद्दे. पण माझ्या बाल्कनीतलं झाड का मेलं ते मला सांगता येत नाही." ती सहज बोलून गेली. माझा घास मात्र तोंडातच राहिला.

त्यानंतर मी दहा दिवसांचं प्रशिक्षण केलं. मुलांनी बघायचं, मोजायचं, अंदाज बांधायचा, अंदाज चुकला तर का चुकला ते शोधायचं, आणि बाईंनी उत्तर द्यायचं नाही. ऐकायला सोपं आहे. मला सगळ्यांत जड जाणार आहे ते गप्प बसणं.

ही वही त्यासाठीच सुरू केली. मुलांना रोज नोंद ठेवा म्हणणार, तर मलाही ठेवायला हवी. मुलांना सांगणार तेच नियम मलाही: त्याच दिवशी लिहायचं आणि नंतर खोडायचं नाही.


शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिले दोन तास झाले. टेबलावर जेवणाचा डबा ठेवला आणि विचारलं, "काय दिसतं?"

"बाईंचा डबा," पुढचा बाक एका सुरात.

"बाईंचा कशावरून?" हा प्रश्न मी विचारायचा होता, पण तो तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडून आला. ही मुलगी एरवीही दर वाक्याला अडवते. गणिताच्या सरांनी तिचं नाव शंकासूर ठेवलंय आणि तिला ते आवडतं. ती उभी राहून म्हणाली, "डबा दिसतो. बाईंचा आहे हे आपण ठरवलं. तो सरांचा पण असू शकेल."

मी फळ्यावर दोन शब्द लिहिले. दिसतं ते निरीक्षण, त्यावरून ठरवतो ते अनुमान. पाच मिनिटांनी गणिताचे सर दारात आले. "बाई, माझा डबा कुणी नेलाय का?" स्टाफरूममधून घाईत मी त्यांचाच उचलून आणला होता. वर्ग बाक वाजवून हसला आणि शंकासूर अशी बसली की जणू तिला आधीच माहीत होतं.

मग प्रयोग. प्रश्न मुलांनीच ठरवला: पाणी बंद केलं तर झाड किती दिवस तग धरतं? सहा गट, प्रत्येकाचे तीन पत्र्याचे डबे, सगळ्यांत मोजून सारखी माती आणि घेवड्याच्या दोन दोन बिया. हिरव्या पट्ट्याच्या डब्याला रोज पाणी, पिवळ्याला एक दिवसाआड, आणि लाल पट्ट्याचं पाणी रोपं मोठी झाली की बंद. अठरा डबे प्रयोगशाळेच्या खिडकीत ओळीने मांडलेत. फार देखणे दिसतात.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

मोड आले. पाचव्या दिवशी. मधल्या सुट्टीत खिडकीशी एवढी गर्दी की मलाच बघायला मिळेना.

संध्याकाळी प्रयोगशाळेत वह्या तपासत बसले होते. मावशी केर काढायला आल्या. शाळा उघडणं, झाडणं, घंटा देणं, बंद करणं सगळं त्यांच्याकडे. माझ्या आधीपासून इथे आहेत. झाडू टेकून डब्यांकडे बघत राहिल्या.

"बाई, ही पोरांची परीक्षा आहे का?"

"तसंच समजा."

"मग एखादं झाड वाळलं तर?"

माझं डोकं वह्यांत होतं. "वाळलं तर काय, पोरं नापास," म्हटलं.

हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. कोपरे झाडून निघून गेल्या. विनोद कळला नसावा.


शनिवार, २२ नोव्हेंबर

रोपं वीतभर झाली. आजपासून लाल डब्यांचं पाणी बंद. "थेंबसुद्धा नाही," मी वर्गाला बजावलं. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनाही हा तास आवडायला लागलाय असं दिसतं.

लाल डबे किती दिवस टिकतील याचे अंदाज प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकले. शंकासुराने हात वर केला.

"बाई, अंदाज चुकला तर मार्क कमी?"

"नाही. कारण लिहिलं नाही तर कमी."

हे उत्तर आयत्या वेळी सुचलं. पूर्वीची मी असते तर सरळ 'हो' म्हणाले असते. बहुतेकांनी पाच दिवस लिहिलं आणि प्रत्येक चिठ्ठीवर कारण होतं. एकाने लिहिलं, "डबा लहान आहे, झाडाचं पोट लहान." किती वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले होते.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

घटक चाचणीचे मार्क लागले. विज्ञानात वर्गाची सरासरी दोनने घसरली. हेडसरांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि त्या आकड्याखाली नुसतं बोट ओढलं. बोलले असते तर बरं झालं असतं.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सहावा दिवस. लाल डबे ठणठणीत. माती चांगली निवडली म्हणायची.

एका गटाच्या वहीत विचित्र नोंद सापडली: "बुधवारी दुपारी लाल झाडाने मान टाकली. गुरुवारी सकाळी परत वर." शंकासुराचाच गट. मान टाकलेलं झाड पाण्यावाचून आपण होऊन वर कसं येईल? नीट बघत जा, असं लाल शाईने शेरा मारला.


सोमवार, १ डिसेंबर

आज माझ्या हातून वाईट झालं.

नववा दिवस, आणि लाल डबे हिरव्या डब्यांइतकेच टवटवीत. पिवळ्यांपेक्षा तर सरसच. काहीतरी गडबड आहे हे आंधळ्यालाही कळावं. त्यातच एका मुलाच्या वहीत वाचलं, "लाल झाडाची पानं कोमेजली, कडा तपकिरी झाल्या." तो खेळात पुढे, शाळेच्या संघाचा कप्तान. त्याला खिडकीशी नेलं आणि म्हटलं, दाखव कुठली पानं. खाली बघून म्हणाला, "बाई, पुस्तकात तसंच आहे." चोवीस वर्षं मीच शिकवलंय, पुस्तकात असेल ते लिहा.

त्याच तिरमिरीत वळले तर शंकासूर पाण्याची बाटली घेऊन डब्यांजवळ उभी.

"तू पाणी घालतेस ना?" सगळ्यांसमोर विचारलं. आवाज चढला होता.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही काय बघितलं?"

"तू बाटली घेऊन इथे उभी आहेस."

"आणि मी पाणी घातलं, हे?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "अनुमान."

तिने बाटली माझ्यापुढे धरली. विकतची, गळ्यापर्यंत भरलेली होती, झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "जागेवर बस." एवढंच. माफी मागायला हवी होती. घंटा झाली आणि मी घंटेचा आधार घेतला.


मंगळवार, २ डिसेंबर

सकाळी वर्गात गेले आणि फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला लिहिलं, 'ती बाटली घेऊन उभी होती.' दुसऱ्या बाजूला, 'तिने पाणी घातलं.' मग खडू खाली ठेवून म्हटलं, "काल बाईंनी ही रेघ ओलांडली. चुकलं माझं." शंकासुराने मान हलवली. मोठ्या मनाने माफ केल्यासारखी. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

आता कुणाकडेही बोट न दाखवता शोधायचं कसं, हा प्रश्न वर्गापुढे टाकला आणि गप्प बसले. तीन मिनिटं घड्याळ लावून. वर्ग चालवताना एवढी लांब तीन मिनिटं कधी गेली नव्हती. मग कप्तान म्हणाला, "वजन करू या. पाण्याला वजन असतं."

रोज शाळा सुटताना आणि सकाळी प्रार्थनेनंतर सगळे लाल डबे तोलायचे असं ठरलं. शंकासूर म्हणाली, एक डबा नुसत्या मातीचा ठेवू, बी न लावलेला, त्यालाही लाल पट्टा. कशाला ते तिला नीट सांगता आलं नाही. "तुलना करायला काहीतरी हवं ना, बाई." मी तिला शब्द शिकवला नव्हता, पण गोष्ट तिने स्वतः शोधली.

प्रयोगशाळेचा तराजू गंजलाय. मधल्या सुट्टीनंतर टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा दिसला. गणिताच्या सरांनी घरून मागवलेला. "काटा परत द्या म्हणजे झालं," ते म्हणाले. "आणि डबा उचलताना बघून उचला."


शनिवार, ६ डिसेंबर

चार दिवसांची वजनं फळ्यावर मांडली. सहाही लाल डबे सकाळी भारी होतात, तीस ते चाळीस ग्रॅमनी. नुसत्या मातीचा डबा रोज दोन-तीन ग्रॅमनी हलका.

मी खुर्चीवर हात बांधून बसले आणि त्यांना भांडू दिलं.

"दव पडत असेल."

"खिडकी बंद असते."

"फटीतून येतं."

"झाड हवेतून पाणी पीत असेल."

"मग पिवळं का नाही पीत? त्याला काय लाज वाटते?"

कप्तान बराच वेळ फळ्याकडे बघत होता. म्हणाला, "दव असतं तर मातीच्या डब्यावर पण पडलं असतं. तो तर शेजारीच आहे."

आणि शंकासूर उठली. "दवाला झाड आणि नुसती माती यातला फरक कळत नाही. ज्याला कळतो तो माणूस."

मी तिला ते वाक्य परत म्हणायला लावलं आणि फळ्यावर तारखेसकट लिहिलं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोट्समध्ये असं एक वाक्य नाही. आज निवृत्त झाले तरी चालेल असं वाटलं.

प्रयोगशाळेच्या किल्ल्या दोन. एक हेडसरांकडे, एक मावशींकडे. मुलांना पुढे जाऊ दिलं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही: माझा संशय हेडसरांवर आहे. रोज सकाळी त्या खिडकीशी घुटमळताना दिसतात. पाहुणे येईपर्यंत झाडं टवटवीत राहावीत म्हणून त्यांनीच हे चालवलं असेल. सोमवारी मावशींना विचारते, त्यांनी काही पाहिलंय का.


सोमवार, ८ डिसेंबर

लवकर गेले. मावशी प्रयोगशाळेतच होत्या.

"मावशी, सकाळी या डब्यांना कुणी पाणी घालतं, तुम्ही बघितलंत का कधी?"

त्यांनी हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. "बघायचंय काय त्यात? मीच घालते."

मी स्टूल ओढून बसले.

"अहो पण का?"

"चौथ्या दिवशी दुपारी माना टाकल्या त्यांनी. मला बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी घातलं, तेव्हापासून घालतेय. तुम्हीच म्हणालात, वाळलं तर पोरं नापास."

"मी? मी असं कशाला म्हणेन?"

"म्हणालात. इथेच बसून."

"मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय."

"असेल," त्या म्हणाल्या. पण आवाज असा होता की गैरसमज झालेला नाही.

नुसत्या मातीच्या डब्याला का नाही घातलं, हेही विचारलं. "त्यात काय मरायचं होतं?" शंकासुराचं उत्तर शब्दाशब्दाने खरं निघालं.

जाताना त्या दाराशी थांबल्या. "माझी पोरगी सातवीत एका विषयात राहिली. मग शाळेत यायला लाजली, ती बसलीच घरी. एका विषयापायी. म्हटलं, ह्या पोरांचं तसं नको." त्यांची मुलगी आता तिशीची असेल. विषय कोणता, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर ही वही मागे चाळली. तेरा नोव्हेंबर. 'वाळलं तर काय, पोरं नापास,' म्हटलं. माझंच अक्षर. खाली लिहिलंय, विनोद कळला नसावा. आणि अठ्ठावीस तारखेचा तो शेराही: नीट बघत जा. त्या गटाने नीटच बघितलं होतं.

खोडायचं नाही असा नियम केला नसता तर आज दोन पानं फाडली असती.


मंगळवार, ९ डिसेंबर

हेडसरांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे शुक्रवारी पाहुण्यांना दाखवायला काहीच नाही."

"आहे की. झालं ते दाखवू."

"बाई, झालं ते हे की शाळेच्या कर्मचाऱ्याने प्रयोगात ढवळाढवळ केली. मला मावशींना मेमो द्यावा लागेल. त्यापेक्षा सोपं सांगतो. लाल डबे आजपासून गच्चीवर उन्हात ठेवा. शुक्रवारपर्यंत वाळतील. पुस्तकात आहे तसंच दिसेल, मावशी सुटतील, तुमचे तास राहतील. कुणाचं नुकसान आहे का?"

खरं सांगायचं तर मोह झाला. तास राहतील, हे शब्द कानात घुमत होते. मग त्या कप्तानाची वही आठवली. कडा तपकिरी झाल्या.

मी ही वही उघडून तेरा नोव्हेंबरचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. "मेमो द्यायचा तर मला द्या."

त्यांनी दोनदा वाचलं. "हे पान तेवढं पाहुण्यांना दाखवू नका," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.


बुधवार, १० डिसेंबर

वर्गाला सगळं सांगितलं. माझं वाक्यसुद्धा. डबे उन्हात ठेवायचा पर्यायही लपवला नाही, फक्त तो कुणी सुचवला ते सांगितलं नाही. तास जाऊ शकतात हेही सांगितलं.

तीन-चार जण म्हणाले, वाळवू या, कुणाला कळणार आहे.

"वजनाच्या वहीला कळेल," कप्तान म्हणाला.

शंकासूर नेहमीसारखी ताडकन उठली नाही. बसूनच म्हणाली, "खरं सांगितलं तर मावशींना कोण ओरडणार?" मी म्हटलं, कुणी ओरडू नये म्हणून मी उभी राहीन. "मग आधी मावशींना विचारू. त्यांची गोष्ट आहे."

ती आणि कप्तान घंटेजवळ गेले. मी लांबून बघत होते. परत आले ते निरोप घेऊन: "सांगा म्हणाल्या. पण नीट सांगा, चोर म्हणू नका."


शुक्रवार, १२ डिसेंबर

झाली तपासणी.

अधिकारी बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शांत, कमी बोलणाऱ्या. मागच्या बाकावर जाऊन बसल्या. हेडसर दाराशी उभे. मावशीही दाराशी, पण पलीकडच्या बाजूला, फडकं हातात.

फळ्याशी सहाही गट आळीपाळीने गेले. अंदाज, वजनं, मातीचा डबा, दवाचा वाद, सगळं मांडलं. मी एक शब्द बोलले नाही. शेवटी शंकासुराने मोठ्या कागदावर लिहिलेलं वाचलं: "आम्ही माती सारखी ठेवली, डबे सारखे ठेवले, ऊन सारखं ठेवलं, बिया मोजल्या. खोलीत रोज येणाऱ्या माणसाला आम्ही मोजलं नाही. त्यांना प्रयोग कुणी समजावून सांगितला नव्हता. त्यांनी झाडं वाचवली. चूक आमच्या मांडणीची आहे."

"म्हणजे प्रयोग फसला," अधिकारी बाई म्हणाल्या.

कप्तान उभा राहिला. त्याने उभं राहायचं ठरलेलं नव्हतं. "हो. आणि मी पण फसलो." स्वतःची वही उघडून त्याने ते पान वाचून दाखवलं, पानं कोमेजली, कडा तपकिरी. त्या ओळीवर काट मारलेली नव्हती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे मी बघितलं नव्हतं." ते त्याने कधी लिहिलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी दाराकडे बघितलं. "झाडं वाचवली ती तुम्ही का?"

मावशी आत आल्या. हेडसर काहीतरी बोलायला पुढे झाले आणि थांबले.

"तुमच्या मते पाणी बंद केलं तर किती दिवस टिकतं हे झाड?"

"मला आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं," मावशी म्हणाल्या. "सुट्टीत शाळेच्या सगळ्या कुंड्या मीच बघते. एवढ्याशा डब्यात असेल तर चौथ्या दिवशी दुपारी मान टाकतं. रात्री गारव्याने जरा उचलतं, पण पूर्ण नाही. सहाव्या-सातव्या दिवशी उचलतच नाही. मग पाणी घाला नाहीतर घालू नका."

वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. सगळे लिहून घेत होते, कुणी न सांगता.

"बाई," शंकासूर माझ्याकडे वळून म्हणाली, "हे अनुमान नाही. हे निरीक्षण आहे."



अधिकारी बाईंचं मात्र काही कळलं नाही. शाबासकी नाही, शेरा नाही. मोठा कागद घडी करून मागून घेतला. माझ्या हातातल्या या वहीत काय आहे विचारलं. मी हेडसरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. तेरा नोव्हेंबरचं पान दाखवलं. वाचून वही परत दिली आणि विचारलं, "या खोलीत मागच्या बाजूला आणखी किती बाकं मावतील? मोठी माणसं बसतील अशी. तीस-एक जण." पाच-सहा मावतील म्हटलं. त्यांनी तेवढंच टिपून घेतलं. बाकं अपुरी अशी तक्रार जाणार बहुधा. तास गेले असं धरून चालावं हे बरं.

मेमोचा विषय हेडसरांनी काढला नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेवरून गेले तर ते एकटेच काट्यावर लाल डबा ठेवून बघत होते. मला बघून म्हणाले, "काटा बरोबर आहे का ते बघत होतो."


शनिवार, १३ डिसेंबर

तास जाणार असतील तर जाणार. आजचे तरी होते. नव्याने पेरलं.

यावेळी मावशी पहिल्या बाकावर. सातवा गट त्यांचा, सभासद एक. कप्तानाने लाल पट्टा म्हणजे काय ते त्यांना पहिल्यापासून समजावलं. झाड मेलं तरी कुणी नापास होणार नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. सकाळची वजनं आता त्याच घेणार. आकडे वाचायला गणिताचे सर शिकवताहेत. "पोरांपेक्षा लवकर शिकतात," ते म्हणाले, "मध्ये शंका काढत नाहीत." त्यावर मावशींनी विचारलं, काटा रिकामा असतानाही दोन ग्रॅम का दाखवतो. सरांना सांगता येईना. शंकासुराने मावशींकडे असं बघितलं की मला वाटलं, आता गादी त्यांच्याकडे जाणार.

मुलीला रात्रीच्या जेवणाआधी फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "आई, हे मला कधी शिकवशील?" सुट्टीत ये म्हटलं, एक डबा तुझ्या नावाचा ठेवते.

अंदाजांचं पाकीट भरलं. मागच्या वेळी पाचव्या दिवशी मोड आले होते, म्हणून वर्गाचा कौल गुरुवार. गणिताचे सर शुक्रवार म्हणाले, कारण विचारल्यावर म्हणाले, थंडी वाढली. मावशींनी बी हातात घेऊन दाबून बघितलं आणि सांगितलं, "हे जुनं आहे. शनिवार, घंटेच्या आधी." हेडसर सहज डोकावले होते, त्यांच्याकडूनही एक चिठ्ठी घेतली. ती त्यांनी दुमडून टाकली, कुणाला दाखवली नाही. मीही माझी टाकली. चोवीस वर्षांत मी वर्गासमोर पहिल्यांदाच उत्तर माहीत नसताना काही लिहिलं, आणि खाली कारणही लिहिलं.

अधिकाऱ्यांचं पत्र पुढच्या शनिवारी येईल, असं हेडसरांनी कार्यालयात फोन करून विचारून घेतलंय. मावशी बरोबर असतील तर मोडही त्याच सकाळी येतील. शाळा साडेसातला उघडते. मी सातला जाणार आहे.